वर जाऊन तुला काय दिसणार?

हा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकलाय. गेली दहा-बारा वर्षं मी पुण्यात अंध मुलींना पुस्तकं वाचून दाखवते, परीक्षेला त्यांची लेखनिक म्हणून बसते. त्यातली एक, एफवायबीएला असलेली, मैत्रिणींबरोबर सिंहगडावर जायचं म्हणून हट्ट धरून बसली होती. गाडीनं नाही, पायवाटेनं. वसतिगृहातून नकार आला, घरून तर आधीच आला होता. फोनवर तिची मावशी म्हणाली, "अगं, वर जाऊन तुला काय दिसणार आहे? उगाच पडलीबिडलीस म्हणजे?" मावशी मनानं चांगली आहे, काळजीपोटीच बोलत होती. फोन ठेवल्यावर पोरगी काही बोलली नाही. ब्रेलच्या पानावर बोट फिरवत बसली, एकाच ओळीवरून, पुन्हा पुन्हा.

त्या दिवसापासून हेलन केलर, ती आंधळी-बहिरी अमेरिकन लेखिका, माझ्या डोक्यातून जात नाही. १ जून हा तिचा स्मृतिदिन. १९६८ साली, ८८ वा वाढदिवस जेमतेम महिन्यावर आला असताना ती गेली.

मला ती शाळेत भेटली ती हातपंपापाशी. तुम्हालाही बहुधा तिथेच भेटली असेल. अलाबामातलं टस्कंबिया गाव, १८८७ साल, एका हातावर पाण्याची धार आणि दुसऱ्या तळहातावर तिच्या शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन बाई 'पाणी' या शब्दाचं एकेक अक्षर काढताहेत. गोष्ट खरी आहे आणि कितीही वेळा वाचली तरी अंगावर काटा येतो. पण तेव्हा हेलनला सातवं वर्षही पुरं झालं नव्हतं! त्यानंतर ती ८१ वर्षं जगली, आणि ती कशी जगली हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. कुणीतरी हात धरलेली एक लहान मुलगी, एवढंच चित्र आम्ही उराशी धरून बसलो.

तिचं आत्मचरित्र मी कॉलेजात असताना वाचलं. १९०३ साली ते पुस्तकरूपानं आलं तेव्हा ती स्वतः रॅडक्लिफ कॉलेजात शिकत होती. त्यातला एक प्रसंग मी किती जणींना वाचून दाखवला असेल, मोजदाद नाही. बाईंच्या मदतीनं हेलन एका झाडावर चढून बसलेली. बाई जेवण आणायला घराकडे गेल्या आणि इकडे हवा फिरली. उन्हाची ऊब गेली, मातीचा तो वादळाआधीचा वास आला, फांद्या हलायला लागल्या, अंगावर काटक्या पडायला लागल्या. ना दिसतंय, ना ऐकू येतंय, आणि सगळं झाड मुळापासून थरथरतंय. बाई परत आल्या, त्यांनी तिला खाली उतरवलं. त्यानंतर कितीतरी दिवस झाडाच्या नुसत्या विचारानं तिला धडकी भरायची. मग एका वसंतात फुललेल्या मिमोसाचा वास आला आणि ती त्या वासामागे गेली. खोड चाचपलं, आणि एकटीच वर चढली.

आजच्या काळात सलिव्हन बाईंना लोकांनी फाडून खाल्लं असतं. आंधळ्या-बहिऱ्या मुलीला झाडावर एकटं ठेवून गेली म्हणजे काय! मला मात्र त्या बाईंचं फार मोल वाटतं. त्यांची स्वतःचीही नजर अधू होती. पडण्याची भीती काय असते ते त्यांना पुरेपूर ठाऊक होतं, आणि तरीही त्यांनी मुलीला झाडाच्या बुंध्याशी बांधून ठेवलं नाही. समुद्र पहिल्यांदा भेटला तेव्हाही हेलननं सरळ उडी घेतली, लाटेनं तिला उलटीपालटी करून किनाऱ्यावर आणून टाकलं, आणि श्वास जागेवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, पाण्यात मीठ कुणी घातलं?

पुढे ती पोहली, घोड्यावर बसली, शिडाच्या होडीतून फिरली, दोघांच्या सायकलवर मागच्या सीटवरून पायडल मारत हिंडली. १९२० पासून चार-एक वर्षं ती आणि सलिव्हन बाई चक्क व्हॉदव्हिलच्या, म्हणजे करमणुकीच्या सरमिसळ खेळांच्या, रंगमंचावर होत्या. आधी-नंतर विदूषक, गवई, कसरतवाले, आणि मध्ये वीस मिनिटं हेलन. लोक प्रश्न विचारायचे, ती उत्तरं द्यायची. पुष्कळ भल्या माणसांना हा तमाशा वाटला, सलिव्हन बाईंनाही ते झगमगाटातलं जगणं सोसवेना. हेलनला मात्र आवडलं! समोरची माणसं हसली, हलली की तिला ते कळायचं, आणि पैसे तिचे स्वतःच्या कष्टाचे होते.

आणि ते विमान! १९४६ साल, महायुद्ध नुकतंच संपलेलं, भूमध्य समुद्रावर विमान उडतंय. हेलनची साठी कधीच उलटलेली. ती सहवैमानिकाच्या जागेवर बसली आणि साधारण वीस मिनिटं तिनं विमान चालवलं. वैमानिकाच्या सूचना तिची सोबतीण पॉली थॉमसन तिच्या हातावर अक्षरांनी लिहीत होती. नियंत्रणावरचा तिचा हलका हात पाहून विमानातली मंडळी थक्क झाली. मला त्यात नवल वाटत नाही. सबंध आयुष्य ज्या हातानं जग वाचलं, त्याला विमानाची थरथर वाचायला कितीसा वेळ लागणार?

पण ज्या बाईच्या हाती लोकांनी विमान दिलं, तिलाच १९१६ साली स्वतःच्या मर्जीनं लग्न करू दिलं नव्हतं. तेव्हा ती ३६ वर्षांची होती. पदवी होती, नाव होतं, व्याख्यानं गाजत होती. तिचा तात्पुरता सचिव पीटर फॅगन याच्यावर तिचं प्रेम बसलं, दोघांनी विवाहाच्या परवान्यासाठी अर्जही केला. वर्तमानपत्रात बातमी फुटली, घरच्यांनी विरोध केला आणि ते नातं तिथेच तुटलं. तिला पुन्हा कधी लग्नाचा योग आला नाही. झाडावरून पडली असती तर जखम भरली असती. ही भरली का? हा भाग वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की अंध मुलींची वाट सगळ्यात जास्त आपली माया अडवते. पायऱ्या, खड्डे, गर्दी हे सगळं नंतर. काठीनं खड्डा समजतो, 'माझ्या जिवाला घोर लागतो गं' याला काठी काय करणार?

हेलननं मात्र दुसऱ्यांच्या दुःखाचीही वाट सोडली नाही. १९४८ साली ती हिरोशिमा-नागासाकीला गेली आणि तिथे भाजलेल्या माणसाचा चेहरा तिनं बोटांनी पाहिला. १९५५ साली, पंच्याहत्तरीला टेकलेली असताना, पाच महिने आशियाभर फिरली, ४०,००० मैल. त्यात आपला देशही होता. दिल्लीतला तो फोटो तुम्ही पाहिला असेल, पंडित नेहरू स्तब्ध उभे आणि हेलनची बोटं त्यांच्या चेहऱ्यावर. मुंबईत भायखळ्याला तिच्या नावाची संस्था आहे, बेरोज वाच्छा यांनी १९७७ साली काढलेली, कर्णबधिर आणि अंध-बधिर मुलांसाठी.

तर सिंहगड. मी बरोबर जाते म्हटल्यावर वडिलांनी मला तासभर फोनवर ठेवलं आणि शेवटी हो म्हणाले. जानेवारीतली पहाट, आतकरवाडीतून चढायला लागलो. ती माझ्या सॅकचा पट्टा धरून मागे, मी नुसतं 'पाय उंच', 'डावीकडे', 'दगड सुटाय' एवढंच बोलायचं. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "ताई, दरी उजव्या हाताला आहे ना? तिकडून वारा मोकळा येतोय."

पुणे दरवाजाशी ती थांबली. भिंतीवर दोन्ही हात ठेवले, सरकवत नेले. "इथे छिन्नीचे घाव आहेत. आणि इथे बघा, एवढाच दगड गुळगुळीत आहे. दमलेली सगळी माणसं इथेच हात टेकत असणार." मी त्या दरवाजातून पन्नास वेळा गेले असेन. मला तो दगड माहीत नव्हता.

वर पिठलं-भाकरी खाल्ली, मडक्यातलं दही खाल्लं, देवटाक्याच्या पाण्यानं ओंजळ भरली. उतरताना मुरमावरून ती एकदा घसरलीच. गुडघा सोलवटला, सलवार फाटली. खाली येतो तोच मावशीचा फोन. मी मनातल्या मनात शब्द जुळवत होते, तेवढ्यात तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"मावशी, मी पडले गं," ती हसत म्हणाली, आणि वर वारा कसा होता ते सांगायला लागली.