टायरपुढे वाकू नये

गाडीचे टायर बदलायची वेळ झाली हे स्वतःहून कधीही ओळखू नये. तुम्ही ठाण्यात राहता. सकाळी रिक्षाने स्टेशन गाठून लोकलला लोंबकळता. गाडी सोसायटीच्या स्टिल्टमध्ये कव्हर पांघरून पडलेली असते आणि रविवारी तिला मॉलपर्यंत फिरवून आणता. अशा गाडीचे टायर झिजतीलच कसे? निश्चिंत राहा, कुणीतरी सांगेलच. मला आमच्या वॉचमनने सांगितलं. गाडी धुताना म्हणाला, "साहेब, पुढचे दोन्ही गोटा झालेत." मी म्हटलं, बरंच झालं की, धुवायला सोपे.

आता तुमच्यातला एखादा चौकस म्हणेल, टायरवरच खूण असते ना! असते. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. वरचं रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की खाच १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे कारच्या टायरची ती शेवटची हद्द. नवा टायर साधारण आठ मिलिमीटरचा असतो. पण हे पाहायला चाकाजवळ बसून वाकावं लागतं, आणि आपला बाणा तर सगळ्यांना ठाऊक आहे: मोडेन पण वाकणार नाही. बाणा तुम्ही पाळा, मोडायचं काम गाडी बघून घेईल.

गुळगुळीत टायरची एक वकिलीही करता येते. शर्यतीच्या गाड्यांना कोरड्या ट्रॅकवर बिनखाचांचेच टायर असतात आणि ते जमिनीला घट्ट धरतात, हे खरं आहे. पाऊस आला की ते लोक टायर बदलतात, ही बारीकशी गोष्ट वाद घालताना सांगू नये. खाचांचं काम नक्षीचं नाही, पाणी उपसण्याचं आहे. टायर आणि डांबर यांच्यामधलं पाणी बाजूला सारायला वाट उरली नाही की टायर त्या पाण्यावरच चढतो. मग स्टिअरिंग एकदम लोण्यासारखं हलकं होतं. वाशी ते बेलापूरचा पाम बीच रोड जुलैच्या रात्री मोकळा मिळाला की हा अनुभव घेता येतो. हवा कमी ठेवलीत तर तो आणखी कमी वेगालाही येतो. त्या क्षणी ब्रेक दाबला काय आणि न दाबला काय, गाडीला काही कळत नाही.

तर, आता बदलायचेच म्हणता. मग 'ऑल-सीझन' घ्या. शब्दच असा भारदस्त आहे की पुढे काही विचारायची गरज पडत नाही. ही कल्पना ज्या देशांत जन्मली तिथे पारा सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, म्हणून लोक घरात टायरचे दोन संच ठेवतात आणि दिवाळीला कंदील काढावा तसे थंडीला दुसरे काढतात. ज्यांना ही उठाठेव नको त्यांच्यासाठी ऑल-सीझन: दोन्हीकडे थोडं थोडं जमवून घेणारा, घरातल्या मधल्या भावासारखा. त्यातल्या काहींवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचा कण अशी खूण असते. म्हणजे टायर बर्फातल्या परीक्षेत पास झालाय. ठाण्यात पारा पंधराच्या आसपास आला तरी मफलर बाहेर पडतात, म्हणून ही खूण आपण आग्रहाने मागावी. मानपाड्याला उद्या हिमवर्षाव झाला तर सोसायटीत एकट्या तुमची गाडी निघेल.

आपल्याकडचे ऋतू मात्र टायरवाल्यांनी कधी विचारात घेतलेले नाहीत. उन्हाळा आहे, पावसाळा आहे आणि खोदकाम आहे. तिसरा ऋतू पहिल्या दोघांमध्येही चालू असतो. घोडबंदर रोडला मेट्रोच्या पत्र्यांकडेने गाडी काढताना खिळा, स्क्रू, तारेचा तुकडा यांतलं जे तुमच्या नशिबात असेल ते टायर स्वतः वेचून आणतो. पावसाळ्यात खड्डा पडतो, तो बुजवायला पेव्हर ब्लॉक टाकतात, मग डांबर वाहून जातं आणि ब्लॉक तेवढा उभा राहतो. त्याची धार आणि तुमची रिम यांच्यात टायरची कड चिमटली की आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. त्या फुग्याला तुम्ही गाडीचं टेंगूळ समजा आणि उतरायची वाट बघा. फुगा आलेला किंवा कडेला चिरलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो, असं जाणकार सांगतात. जाणकारांना काय जातंय सांगायला!

या ऋतूत गाडी उठून दिसावी म्हणून मोठ्या रिम घालाव्यात, ही माझी खास शिफारस. कंपनीने पंधरा इंची दिल्या असतील तर तुम्ही सतरा घाला. चाकाचा घेर तोच ठेवायचा तर रिम वाढली की रबराची कड तेवढी कमी होते. म्हणजे आधी खड्डा आणि रिम यांच्यामध्ये भाकरी होती, आता पापड आहे. दिसायला मात्र लाजवाब. तीन हात नाक्याच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला पुन्हा पुन्हा वळून बघतो. त्याच्या बघण्यात थोडी कीव असते, पण काच लावलेली असली की कळत नाही.

सल्ला कुणाचा घ्यायचा? मेहुण्याचा. मेहुण्याने आयुष्यात एकदाच टायर घेतलेला असतो आणि तो टायर अजून टिकलेला असतो, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन असतं. मेहुणा नसेल तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका. पंधरा मिनिटांत नऊ कंपन्यांची नावं येतात, प्रत्येकाखाली "हा सोडून काहीही घ्या" असा दुसऱ्याचा निरोप येतो, आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका सिएटच्या भांडुपच्या कारखान्याची आठवण काढतात. सिएट मुळात इटलीतल्या तुरीन गावची, आणि एमआरएफचा धंदा १९४६ साली मद्रासजवळ खेळण्यातल्या फुग्यांपासून सुरू झाला, ही माहितीही तिथेच मिळते. यातलं एक अक्षर टायर निवडायला उपयोगी नाही, म्हणूनच ते लक्षात राहतं.

उपयोगी अक्षरं टायरच्या अंगावर छापलेली असतात. बिचाऱ्याने लग्नाच्या बायोडेटासारखं सगळं लिहून ठेवलेलं असतं. उदाहरणार्थ १८५/६५ आर १५ ८८ एच. रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, बांधणी रेडियल, रिम पंधरा इंची. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालवायला त्याची ना नाही. कापूरबावडीला संध्याकाळी सात वाजता या शेवटच्या अक्षराकडे बघून मन भरून येतं. पण दुकानदाराने टी अक्षराचा टायर पुढे केला, तर तो १९० पर्यंतचा असतो आणि गाडीसोबत आलेल्या पुस्तकात एच लिहिलेलं असतं, असल्या चौकशा करून त्याला दुखवू नका. वजनाच्या आकड्याचंही तसंच. गणपतीला गावी जाताना गाडीत पाच माणसं, दोन पोती तांदूळ, मखर आणि टपावर आजीची ट्रंक असते. त्यात किलोचा हिशेब घालून प्रवासाचा विचका करू नये.

आणि बायोडेटात जन्मतारीखही असते. लांबट चौकटीत चार आकडे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मी ज्या दुकानात गेलो (नाव सांगत नाही, ठाण्यात अशी बरीच आहेत) तिथल्या माणसाने टायर कपड्याने पुसून असा काही माझ्यापुढे ठेवला की मला चहा-पोह्यांचा कार्यक्रम आठवला. "एकदम फ्रेश माल आहे काका." माझ्या मुलीला नसत्या सवयी आहेत, ती वाकली. म्हणाली, "बाबा, हा चार वर्षांचा आहे." दुकानदार शांतपणे म्हणाला, "गोडाऊनमध्ये होता ना, वापरला कुठंय?" या युक्तिवादापुढे मी तिथल्या तिथे शरण गेलो. रबराला वय चालताना लागतं आणि बसल्यावरही लागतं, हे मुलीचं म्हणणं. त्यावर मी तिला मोठ्यांच्या बोलण्यात पडू नये एवढंच सांगितलं. तीनशे रुपये सूट मिळाली. पुढच्या गिऱ्हाइकाला तोच माल सातशे सूट देऊन गेला, तेव्हा मात्र मला जरा वाईट वाटलं.

पैशांवरून आठवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ज्यांनी त्याच्या आदल्या आठवड्यात घेतले त्यांचं दुःख वेगळं. पण शहाण्या माणसाने याचा अर्थ असा घ्यावा की थांबण्यात फायदा असतो. अजून थांबा. शून्यावर येईल.

मला दोनच टायर घ्यायचे होते. बहुतेकांना दोनच घ्यायचे असतात. मग ते कुठे लावायचे हा प्रश्न येतो आणि उत्तर उघड आहे: पुढे. इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, गाडीमालकही पुढेच बसतो. टायर बनवणाऱ्या कंपन्या मात्र सांगतात की नवी जोडी मागे लावा, कारण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं सरकली तर गाडी सरळ जायला बघते आणि ड्रायव्हरला काहीतरी करता येतं. मागची सरकली तर गाडी भोवरा होते आणि फक्त देवाचं नाव घेता येतं. हे ऐकून दुकानातल्या पोऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेपुढे मी पुढेच लावून घेतले.

मग हवा. आपल्या आजूबाजूच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, फुकट. तरी टायरमध्ये वेगळा पैसे देऊन भरून घ्यावा, कारण व्हॉल्व्हला हिरवं टोपण मिळतं आणि शेजाऱ्याच्या टोपणाचा रंग काळा असतो. किती भरायची हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं, तिथे बघू नका. टायरच्या अंगावर जो मोठा आकडा असतो तो भरायला सांगा. तो खरं तर कमाल मर्यादेचा आकडा आहे, पण कमाल झाल्याशिवाय पैसे वसूल कसे होणार? किंवा मग दुसरं टोक: चार महिने हवा तपासूच नये. कमी हवेचा टायर फिरताना जास्त दबतो, दबून तापतो, आणि तापलेला टायर घेऊन समृद्धीवर चढावं. ७०१ किलोमीटरचा रस्ता, कारला ताशी १२० ची मुभा, शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि सुरुवात आपल्याच जिल्ह्यात, आमण्याला. उन्हाळ्याच्या दुपारी तिथल्या काँक्रीटवर टायर फुटल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. मध्यंतरी तर आरटीओवाले टायर तपासून गाड्या परत पाठवत होते म्हणे. परवडत नाही असला अपमान. त्यापेक्षा जुन्या कसाऱ्याने जावं, तिथे वाकून बघायला कुणी नसतं.

चार चाकांचं हे असं. पाचव्याबद्दल मात्र माझा सल्ला ठाम आहे: स्टेपनीला हात लावू नका. ती डिकीत, पिशव्यांच्या आणि छत्र्यांच्या खाली सुखात असते. २०२० साली सरकारने नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. म्हणजे बघा, सरकारलाही तिचं फारसं अगत्य नाही. माझी तर अगदी कोरी होती. कारखान्यातून येताना रबराला जी बारीक केसं असतात तीसुद्धा शाबूत. चारचौघांत मी तिचं कौतुक करत असे.

गणपतीला निघालो, माणगावच्या अलीकडे पुढचं चाक बसलं. पाऊस धो धो. डिकीतलं सगळं सामान रस्त्याकडेला, आजीच्या ट्रंकेवर छत्री, मखर बायकोच्या मांडीवर. "अहो, लवकर करा," हे ती दर दोन मिनिटांनी म्हणत होती, जणू मी तिथे रमलो होतो. पंक्चरवाल्या पोराने स्टेपनी बाहेर काढली, अंगठ्याने कड दाबली. मधाच्या पोळ्यासारख्या भेगा उमटल्या. मग तो वाकला, चौकटीतले चार आकडे मोबाइलच्या उजेडात वाचले आणि म्हणाला, "काका, ही चौदा सालची. शाळेत घातली असतीत तर यंदा स्कॉलरशिपला बसली असती."

तीच लावली. चाळिसाच्या वर नेऊ नका म्हणाला. पुढचे चार तास आम्ही चाळिसाने गेलो. एसटी गेली, दुधाचा टेम्पो गेला, भजनी मंडळाचा ट्रक हात दाखवत गेला. मुलगी मागून काही बोलली नाही. महाडजवळ एका टपरीवर चहाला थांबलो, तेव्हा ती शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याच कुणाच्या गाडीच्या चाकाशी वाकून काहीतरी वाचत होती.