हद्दी आखताना मुलांना मत का नाही?

अमेरिकेत मेरीलँडमधल्या हॉवर्ड काउंटीत २०१९ साली शाळांच्या हद्दींवरून, म्हणजे कुठल्या घरातलं मूल कुठल्या सरकारी शाळेत जाणार यावरून, जे पेटलं, ते इथल्या भारतीय घरांनी जवळून पाहिलं. काही शाळा ओसंडून वाहत होत्या, काहींत जागा होती. शिवाय मोफत किंवा सवलतीत जेवण घेणारी, म्हणजे गरीब घरची, मुलं मोजक्याच शाळांत एकवटलेली. सुपरिंटेंडंटनी, म्हणजे काउंटीच्या सरकारी शाळांच्या प्रमुखांनी, सुमारे ७,४०० मुलांच्या शाळा बदलण्याचा आराखडा मांडला आणि मोर्चे सुरू झाले. याच काउंटीतलं कोलंबिया जेम्स राउझ यांनी १९६७ साली वसवलं ते काळे-गोरे, गरीब-श्रीमंत शेजारी राहावेत म्हणून! विरोधकांत आशियाई पालक मोठ्या संख्येने होते. 'शाळा बघून घर घेतलं' हे त्यांचं म्हणणं मला कळतं. दोघांचे पगार ओतून घेतलेली घरं आहेत ती. पण घराबरोबर सरकारी शाळेतलं बाकही विकत मिळतं, हे मला मान्य नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने गरीब मुलांना वेगळं ठेवण्याचं हेच काम वेगळ्या वाटेने केलं. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने गरीब मुलांसाठी राखलेल्या, २५ टक्के जागांतून सूट. गरिबाच्या मुलाने आपल्याच शाळेत बसावं, असाच त्याचा अर्थ. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत ती अधिसूचना रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. या मुलांच्या शुल्काचा सरकारकडून मिळणारा परतावा थकतो ही संस्थाचालकांची तक्रार खरी आहे. मग परतावा द्या, मुलांना दाराबाहेर का ठेवता?

हॉवर्डमध्ये एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. शाळा मंडळाच्या आठ सदस्यांपैकी एक विद्यार्थी असतो, त्याला सहावी ते अकरावीची मुलं निवडून देतात आणि त्याच्या मताला किंमत असते. २०२० मध्ये, कोविडकाळात, शाळा उघडण्याच्या ठरावांवर चार विरुद्ध चार अशी कोंडी झाली, तेव्हा दोन पालक या मताविरुद्धच कोर्टात गेले. २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याचा मताधिकार वैध ठरवला.

पण अर्थसंकल्पावर आणि हद्दींवर तो मत देऊ शकत नाही. म्हणजे कोण कुणाशेजारी बसणार हे ठरताना, ज्यांनी बसायचं त्यांचाच प्रतिनिधी नुसता बोलणार! शेजारच्या मॉन्टगोमेरी काउंटीत २०१६ च्या कायद्याने विद्यार्थी सदस्याला हे दोन्ही अधिकार दिले. तिथलं मंडळ कोसळलं नाही.

मुलांना काय कळतं, असं निदान मराठी माणसाने म्हणू नये. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिलं, ते १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आलं. एवढं स्पष्ट त्या काळच्या किती मोठ्यांनी लिहिलं?

आपल्याकडे शाळा व्यवस्थापन समितीत विद्यार्थ्यांना घेता येतं. घ्याच, पण स्वच्छता आणि स्नेहसंमेलनापुरतं नको. कमी पटाची शाळा दुसरीत विलीन करायचं निघेल, तेव्हा तिथपर्यंत रोज चालत जाणाऱ्या मुलीचं म्हणणं इतिवृत्तात आलं पाहिजे आणि तिचं मत मोजलं गेलं पाहिजे. हॉवर्डमध्येही हद्दींची अट कायद्यातून काढावी. तसं विधेयक आलं, तर मी त्याच्या बाजूने साक्ष द्यायला राज्याच्या राजधानीत, अ‍ॅनापोलिसला, जाईन.