फी आधी भरा, शिष्यवृत्तीचं नंतर बघू

कायद्याची सीईटी झाली, कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, पुण्यातलं कॉलेज लागलं, आणि फीच्या खिडकीवर तेच वाक्य कानावर आदळतं: "आत्ता पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत मिळेल." ज्याच्याकडे पूर्ण फी रोख भरायची ऐपत आहे तो शिष्यवृत्ती मागेल कशाला? हा साधा प्रश्न कुणालाच कसा पडत नाही? बीड, लातूर, नांदेडहून पुण्यात एलएलबी करायला येणाऱ्या पोराच्या बापाला दोन दिवसांत पैसे उभे करायला लावायचे, त्याने सोनं गहाण ठेवायचं नाहीतर सावकार गाठायचा, आणि सरकारची मदत पुढच्या वर्षी कधीतरी खात्यात पडायची. याला मदत म्हणायचं?

आणि चीड यासाठी जास्त येते की नियम असा नाहीच. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून झाला असेल, तर ५० टक्के शिक्षण शुल्क सरकार देतं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने याच ८ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ केलं, आणि कायद्याचं शिक्षण व्यावसायिकच आहे. सरकार जो वाटा देणार तो प्रवेशाच्या वेळी पात्र विद्यार्थ्याकडून मागू नका, हे कॉलेजांना वारंवार बजावून झालं आहे. तरीही खिडकीवर मागतात. का? कारण सरकार कॉलेजला पैसे वेळेवर देत नाही आणि कॉलेज तो फटका स्वतःवर घेत नाही. मग तो कुणावर ढकलायचा? जो सगळ्यात कमी बोलेल त्याच्यावर.

म्हणून बोला, आणि कागदावर बोला. शासन निर्णयाची प्रत छापून न्या. प्राचार्यांच्या नावाने अर्ज लिहा: माझा प्रवेश कॅपमधून आहे, उत्पन्नाचा दाखला जोडला आहे, शासनाचा वाटा वजा करून फी सांगावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पूर्ण फीच हवी असेल तर तसं लेखी द्या म्हणा. लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याच ठिकाणी आवाज खाली येतो. नाही आला, तर उच्च शिक्षण संचालनालय याच शहरात, मध्यवर्ती इमारतीत आहे. विभागीय सहसंचालकांकडे त्याच अर्जाची प्रत द्या. हप्ते पाडून देतो म्हणाले तर तेही तारखांसकट लिहून घ्या, आणि पुढच्या तारखेचा कोरा चेक कुणालाही देऊ नका.

फीची पावती हा दुसरा घोळ. शिष्यवृत्ती शिक्षण शुल्कावर मिळते, एकूण फीवर नाही. विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्यात शिक्षण शुल्क वेगळं, विकास शुल्क वेगळं असतं. त्यावर ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, विद्यापीठाचं शुल्क, अनामत. घरचे हिशेब करतात की निम्मी फी माफ झाली, आणि हातात पावती पडते तेव्हा माफी भलत्याच छोट्या आकड्यावर निघते. प्रवेश घेण्याआधीच शीर्षकवार फी मागा. एकरकमी आकड्याची पावती घेऊन घरी येऊ नका. पुढे बँक हाच तपशील मागेल आणि तेव्हा कॉलेजात कुणी भेटणार नाही.

सगळ्यात मोठी फसगत मात्र याच्याही आधी होते. कायद्याची कॅप रखडते. सीईटी उन्हाळ्यात होते आणि प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळा संपला तरी चालू असतात. घरचे धास्तावतात, कुणीतरी सांगतं की व्यवस्थापन कोट्यातून जागा धरून टाका, शिष्यवृत्तीचा फॉर्म नंतर भरू. तो फॉर्म नंतर भरता येत नाही! व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरचे प्रवेश या योजनांतून सरळ वगळले आहेत. अभिमत (डीम्ड) आणि खासगी विद्यापीठांनाही शाहू महाराज शिष्यवृत्ती लागू नाही. पुण्यात अभिमत विद्यापीठांची लॉ कॉलेजं आहेत, नावाजलेली आहेत, जायचं तर खुशाल जा, पण तिथे या योजनेचा रुपयाही धरू नका, त्यांच्या स्वतःच्या सवलती काय आहेत ते विचारा. एका घाईच्या सहीने तीन नाहीतर पाच वर्षांची माफी जाते, आणि सही घेणारा माणूस हे त्या क्षणी सांगत नाही. हे लपवणं मला गुन्ह्याइतकंच वाईट वाटतं.

आता उत्पन्नाचा दाखला. तहसीलदारांचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारीत हौसेने काढून ठेवलेला दाखला प्रवेशाच्या वेळी रद्दी झालेला असतो. एप्रिल उजाडला की नवीन काढायला टाका. जूनच्या शेवटी दहावी, बारावी, इंजिनिअरिंग सगळ्यांची झुंबड एकाच वेळी उडते, सर्व्हर बसतो आणि तलाठी भेटत नाही. आई-वडील जिथे राहतात तिथलाच दाखला लागतो. मुलगी पुण्यात राहते म्हणून खडकमाळ आळीतल्या पुणे शहर तहसीलमध्ये रांग लावून गावाकडच्या बापाच्या उत्पन्नाचा दाखला मिळत नाही. नोकरदाराने फॉर्म १६, शेतकऱ्याने सातबारा आणि तलाठ्याचा अहवाल तयार ठेवावा. आपले सरकार पोर्टलवर घरबसल्या अर्ज करता येतो आणि सेवा हक्क कायद्याखाली मुदत ठरलेली आहे. मुदत उलटली की त्याच पोर्टलवर पहिलं अपील करा. फुकट होतं, आणि अपील दिसलं की फाईल हलते.

प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर मागत असतील तर देऊ नका. जात पडताळणी, उत्पन्न, नॉन क्रिमीलेअर (आरक्षणासाठी उन्नत गटात नसल्याचा दाखला), राष्ट्रीयत्व अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ असल्याचं महसूल खात्याने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. साधा कागद चालतो. तरी कचेरीबाहेरच्या टेबलावर स्टॅम्प विकला जातोच, कारण समोरच्याला माहीत नसतं.

इथेच आणखी एक गफलत होते आणि ती शिकलेल्या घरांतही होते. नॉन क्रिमीलेअर आणि शिष्यवृत्ती दोन्हीकडे ८ लाख हा आकडा दिसतो, म्हणून लोक दोन्ही एकच धरतात. नॉन क्रिमीलेअरसाठी पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत आणि तीन वर्षांचं बघतात. शिष्यवृत्तीला कुटुंबाचं सगळं उत्पन्न धरतात. नॉन क्रिमीलेअर हातात आहे म्हणून फी माफ होईलच असं गृहीत धरून कॉलेज निवडलं की घर अडचणीत येतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मर्यादा आणखी वेगळी: अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याच्या वर गेलं की फ्रीशिप, म्हणजे शुल्क माफ पण निर्वाह भत्ता नाही. हे सगळं एका पानावर छापून प्रत्येक कॉलेजच्या सूचनाफलकावर लावायला किती खर्च येतो?

महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या सरकारी पोर्टलवर, तर बोलावं तेवढं थोडं. आधारवरचं नाव, दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि सीईटीच्या अर्जातलं नाव एकसारखं नसेल तर तिथेच अडकणार. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू नसेल तर ओटीपी येणार नाही. कागदपत्रं २५६ केबीच्या आत बसवायची, मग मार्कशीटवरचे आकडे पुसट होतात, आणि पुसट आहे म्हणून अर्ज परत. चालू अभ्यासक्रमाच्या पानावर कॅपचा अर्ज क्रमांक चुकला किंवा प्रवेशाचा प्रकार 'नॉन कॅप' निवडला गेला, तर पात्र योजनांच्या यादीत ती योजना दिसतच नाही आणि पोरं समजतात की आपण बसतच नाही. तीन वर्षांचा आणि पाच वर्षांचा अभ्यासक्रम एकाच कॉलेजात असतो, निवडताना डोळ्यांत तेल घालून बघा. अर्ज भरला की संपलं नाही. तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग विभागाच्या. तो तिथून 'सेंड बॅक' झाला तर मेसेज येईलच अशा भरवशावर राहू नका, आठवड्यातून एकदा स्वतः लॉगिन करून बघा.

आणि कॉलेजने मुदतीत पुढे पाठवलाच नाही तर? शेकडो अर्ज, एक क्लार्क, त्याच्याकडे परीक्षेचंही काम, निवडणुकीचंही. अर्ज त्याच्या लॉगिनला पडून राहतो, मुदत संपते आणि नुकसान विद्यार्थ्याचं होतं. विद्यार्थ्याने सगळं वेळेत केलं, चूक कार्यालयाची, आणि फी वसूल कुणाकडून? पुन्हा त्याच्याचकडून. मी यावर कितीही रागावलो तरी कमीच आहे. निदान अर्ज सादर केल्याच्या पावतीची प्रत कॉलेजात देऊन तिच्यावर तारखेचा शिक्का घ्या, म्हणजे भांडायला हातात काहीतरी राहील.

पैसे मंजूर झाले तरी खात्यात येतील याची खात्री नाही. ते खाते क्रमांकावर येत नाहीत, आधारला शेवटचं जे खातं सीड झालंय, म्हणजे जोडलं गेलंय, त्यावर येतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही, एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत ते दिसायला हवं. माय आधार पोर्टलवर बँक सीडिंग स्टेटस बघा. केवायसी न झालेलं छोटं खातं असेल तर वर्षाला १ लाखाच्या वर जमा होत नाही आणि मोठा हप्ता परत जातो.

बारावीनंतर लगेच पाच वर्षांच्या कोर्सला जाणाऱ्यांना केंद्राची शिष्यवृत्तीही असते: बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर वर्षाला १२,०००, चौथ्या-पाचव्या वर्षी २०,०००. पण ती घेतली की राज्याची फीमाफी सोडावी लागते. दोन्ही भरून ठेवू, जी लागेल ती, असं करू नका. फीचा आकडा मांडा आणि एकच धरा.

राहण्याचं काय? वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये आहेत. भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. रक्कम चांगली आहे, पण ती कधी येते? कॉट बेसिसवर खाट घेताना डिपॉझिट आणि पहिलं भाडं त्याच दिवशी द्यावं लागतं, मेसवाला महिन्याचे पैसे आधी घेतो. निवासाचे २०,००० बारा महिन्यांवर पसरले तर पुण्यात कुठली खाट मिळते ते सदाशिव पेठेत एक चक्कर मारली की कळतं. नोकरी करून शिकू म्हणाल, तर बार कौन्सिलच्या नियमाने प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. पूर्ण वेळ नोकरीत ती बसत नाही.

मग उरतं शैक्षणिक कर्ज. ४ लाखांपर्यंत मार्जिन नाही, म्हणजे स्वतःचा वाटा घालावा लागत नाही, आणि तारणही नाही. साडेसात लाखांपर्यंत सरकारच्या पतहमी योजनेमुळे (बँकेला कर्जाची हमी सरकार देतं) तारण मागायचं कारण नाही. शाखेत मात्र एफडी आहे का, घराचे कागद आहेत का, इथूनच सुरुवात होते. तुमचं गाव आमच्या शाखेच्या क्षेत्रात येत नाही, हे कारण देऊन शैक्षणिक कर्ज नाकारता येत नाही, रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच सांगितलंय. नकार लेखी मागा. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्ज योजनेच्या जाहिराती बघून हुरळू नका, ती ठराविक मानांकित संस्थांच्या यादीपुरती आहे आणि छोटी संलग्न लॉ कॉलेजं बहुतेक त्या यादीत नसतात. आधी यादी बघा, मग पोर्टलवर अर्ज करा. वडिलांचा सिबिल स्कोअर पीककर्जाच्या थकबाकीने खाली गेला असेल तर कमावता भाऊ किंवा बहीण सहकर्जदार म्हणून चालते का, ते पहिल्याच भेटीत विचारा.

कर्ज घ्यायचं तर शेवटचा हिशेब आधी मांडा. हप्ता कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतो, व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. जमेल तेवढं व्याज शिकतानाच भरा. कारण वकिलीत पहिल्या वर्षी पगार नावाची गोष्ट नसते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरातल्या ज्युनिअरला महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत असं परिपत्रक काढलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. शिवाजीनगर कोर्टात ज्युनिअर म्हणून उभं राहणाऱ्याला एवढे मिळतील हे धरून बँकेचा हप्ता ठरवू नका. सीनिअर किती देतात ते तिथल्याच दोन-चार ज्युनिअरना विचारा आणि त्या आकड्यावर कर्ज बेता.