सभेची नोटीस सुबक कशी धाडावी

सप्टेंबर उजाडला. ३० तारखेच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा उरकायची, त्याआधी नोटीस सगळ्या सभासदांना पोचवायची. यंदा सेक्रेटरी तुम्ही. फ्लॅट ८४, ईमेलही ८४. चार ओळी सरळ टाईप करून मोकळं व्हायला तुम्ही काही वॉचमन नाही.

आधी फॉन्ट निवडा. युनिकोड नको, ते कुठल्याही फोनवर दिसतं, त्यात तुमचं कौतुक ते काय? ऑफिसातल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवरची जुनी श्रीलिपी काढा. तिची गंमत अशी, की तुम्हाला दिसतो ‘क’, पण फाइलीत जातं भलतंच रोमन अक्षर. फॉन्ट त्याला वरून मराठी धोतर नेसवतो, आणि ते धोतर फक्त तुमच्याच मशीनवर असतं. बी विंगमधल्या काकूंच्या फोनवर अक्षरं तशीच उघडी येतील, डोक्यावर रेघा नि टिंबं मिरवत. काकूंनी विचारलंच तर ‘फॉन्ट टाकून घ्या’ म्हणावं. काकूंचं वय ७१. घेतील.

जमाखर्च वर्डमध्ये करा, अकरा रकान्यांचा, आणि तसाच्या तसा मेलमध्ये चिकटवा. विंडोजवरचं जुनं, ‘क्लासिक’ आउटलुक २००७पासून मेल दाखवायला वर्डचंच इंजिन वापरत आलंय, त्यामुळे तुमच्याकडे तक्ता कसा रेखीव दिसेल! फोनवाल्यांना तीन रकाने दिसले तरी पुष्कळ. शिल्लक शेवटच्या रकान्यात असते, हा निव्वळ योगायोग.

रंग सढळ हातानं वापरा. महत्त्वाचं लाल, अतिमहत्त्वाचं पिवळ्यावर लाल. बाकीचं आवर्जून काळं करा, म्हणजे रात्री डार्क मोड लावून वाचणाऱ्या एखाद्याला काळ्यावर काळं वाचायचं भाग्य लाभेल.

ऑडिट रिपोर्ट रंगीत स्कॅन करून जोडा. २५ एमबीच्या वर गेला तर जीमेल त्याची ड्राइव्हची लिंक करून देतं. परवानगीचं विचारेल, तिकडे लक्ष देऊ नका. मग घरोघरून ‘ॲक्सेस द्या’ अशा विनंत्या येतील. इतकी विचारपूस अध्यक्षांचीही होत नाही.

पत्ते सगळे ‘टू’मध्येच. बीसीसीत कुणाचा पत्ता कुणाला दिसत नाही, म्हणजे चोरटा कारभार! शिवाय एकानं सर्वांना ‘मिळाली, धन्यवाद’ लिहिलं की उरलेले ८३ कशाला मागे राहतील? त्या गर्दीत मूळ नोटीस शोधायला ज्याला वेळ असेल, त्याला पुढच्या वर्षी सेक्रेटरी करा.

आता खरी मेख. मेलचा मजकूर १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल शेपूट कापतं आणि खाली बारीकशी लिंक ठेवतं. वर्डमधून चिकटवताना आत इतका अदृश्य पालापाचोळा येतो, की ही मजल सहज गाठता येते. मेंटेनन्स वाढीचा ठराव त्या कापाच्या खाली येईल असा बसवा.

सभेत कुणी ‘आम्हाला कळलंच नाही’ म्हणून उठलं, तर वाद घालू नका. तोच म्हातारा कॉम्प्युटर सभागृहात आणवा आणि सेंट फोल्डर उघडून दाखवा. तिथे सगळं सुबक दिसतं, अगदी काकूंनासुद्धा.