'सलाम'ची मोडतोड थांबवा!

डेन्मार्कच्या वृत्तपत्रातल्या पैगंबरांच्या व्यंगचित्रांवरून वाद झाल्यावर जर्मन डिझायनर मेलीह केस्मेन यांनी 'आय लव्ह माय प्रॉफेट' लिहिलेला शर्ट घातला, त्यातून 'स्टाइल इस्लाम' हा ब्रँड उभा राहिला. केवढी हिंमत, केवढा मिश्कीलपणा! आणि छपाईवाले काय करतात? शर्टावर उर्दू लिपीत छापलेल्या 'सलाम'चं वाटोळं! सीन (स), लाम (ल), अलिफ (आ) ही अक्षरं जोडून आणि मीम (म) तेवढं सुटं, एवढंच तर आहे. पण यांच्या शर्टावर चारही अक्षरं सुटी, वर डावीकडून मांडलेली. उर्दू उजवीकडून वाचतात, म्हणजे झालं 'मालस'! छातीवर हे मिरवायचं? अहो, सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडून लिहिण्याची सेटिंग आधी चालू करा. उर्दू वाचणाऱ्याला नमुना दाखवा. मगच अक्षरांचे आउटलाइन करा, म्हणजे त्यांचं चित्रात रूपांतर करा; नंतर एक अक्षरही दुरुस्त होत नाही. शंभर शर्ट छापून झाल्यावर कुणाला विचारताय?