दहा टक्क्यांची बिअर कशी निवडावी

गेली काही वर्षे दारूच्या दुकानात गेलो की मी लागर या नेहमीच्या हलक्या बिअरच्या फ्रीजकडे न वळता थेट त्या कपाटापाशी जातो, जिथे छोट्या ब्रुअरींच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्यांच्या, आठ, नऊ, अकरा टक्के अल्कोहोल असलेल्या बाटल्या सुट्या मांडलेल्या असतात. तिथे उभे असलेले बरेच जण बाटली उचलतात, टक्केवारीचा आकडा शोधतात आणि ज्या बाटलीवरचा आकडा मोठा ती घेऊन निघून जातात. सुरुवातीला मीही हेच करत होतो. आता मात्र माझे ठाम मत झाले आहे की हा आकडा पाहून बिअर घेऊ नये, तो आकडा कशातून आला आहे हे पाहून घ्यावी.

अल्कोहोल साखरेपासून तयार होते. बार्लीला मोड आणून आणि वाळवून तिचा माल्ट करतात, तो गरम पाण्यात भिजवला की त्यातील पिठाची साखर होते आणि ती साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल तयार करते. पाच टक्क्यांची बिअर दहावर न्यायची तर साखर जवळजवळ दुप्पट लागते आणि ती दोन वाटांनी आणता येते. पहिली वाट म्हणजे माल्टच जास्त घालणे. माल्टमधील सगळी साखर यीस्टला पचत नाही, उरलेली साखर बिअरला गोडी आणि दाटपणा देते, आणि म्हणूनच बार्लीवाइन (नावात वाइन असली तरी ही स्ट्राँग बिअरच) किंवा इम्पीरियल स्टाउट ही काळी, स्ट्राँग बिअर जिभेवर जड लागते. दुसरी वाट साधी साखर मिसळण्याची. ती यीस्ट जवळजवळ पूर्ण फस्त करते, त्यामुळे अल्कोहोल वाढूनही बिअर अंगाने हलकी राहते. बेल्जियममधील वेस्टमाल मठाची ट्रिपेल या वाटेने जाते. १९३४ पासून तयार होणारी ही सोनेरी बिअर ९.५ टक्क्यांची आहे, हे पिताना लक्षातही येत नाही. साखर घातली म्हणजे भेसळ केली, असे काही जण सांगतात ते मला अजिबात पटत नाही.

खरा फरक पडतो तो यीस्टला दिलेल्या वेळामुळे. जास्त साखरेत आणि वाढत्या अल्कोहोलमध्ये यीस्टवर ताण येतो. अशा वेळी काम लवकर उरकावे म्हणून टाकीचे तापमान चढू दिले, तर घशाला चरचरणारे जड प्रकारचे अल्कोहोल तयार होते. दहा टक्क्यांची बिअर पिताना नाकात स्पिरिटची झणझण आली, तर ती मी बिअरची ताकद समजत नाही. ती घाईची खूण आहे.

बेल्जियममधल्याच रोशफोर मठाची ११.३ टक्क्यांची बिअर मी पहिल्यांदा फ्रीजमधून काढून लगेच ओतली, तेव्हा गोडीपलीकडे काहीच कळले नाही. पेला तसाच ठेवला आणि वीसेक मिनिटांनी पुन्हा हातात घेतला, तेव्हा मनुका, अंजीर आणि काकवी यांचा वास एकामागून एक वर येऊ लागला. थंडपणात वास दबून राहतो हे माहीत असूनही मी दर वेळी घाई करत होतो. या बिअरचा गाळ बाटलीच्या तळाशी बसलेला असतो, त्यामुळे शेवटचा बोटभर भाग बाटलीतच ठेवून बाकीची बिअर एका संथ धारेत ओतावी.

टक्क्यांपेक्षा जास्त महत्त्व मी आता बाटलीवरच्या तारखेला देतो. एका दुकानातून मोठ्या हौसेने डबल आयपीए आणली होती, म्हणजे भरपूर हॉप्स (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी एका वेलीची फुले) घातलेली स्ट्राँग बिअर. ती उन्हाच्या कवडशात, काचेच्या शोकेसमध्ये उभी होती. घरी उघडली तर हॉप्सच्या ताज्या वासाऐवजी ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, आणि बाटली फिरवून तारीख पाहिली तर ती भरून वर्ष उलटून गेले होते. हॉप्सचा सुगंध काही महिन्यांतच उतरू लागतो, आणि उजेडात हॉप्समधील कडू घटकांचे विघटन होऊन दुर्गंध येतो. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी आणि रंगहीन काच फारसा अडवत नाही. म्हणून हॉप्सवर उभी असलेली बिअर, मग ती कितीही स्ट्राँग असो, ताजीच घ्यावी.

बार्लीवाइनचे गणित याच्या उलट असते. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा ब्रुअरीच्या ‘बिगफूट’ या ९.६ टक्क्यांच्या बार्लीवाइनच्या बाटलीवर वर्ष छापलेले असते, कारण लोक ती जाणूनबुजून राखून ठेवतात. ताजी असताना तिचा कडूपणा अंगावर येतो, वर्ष-दोन वर्षांनी तो मऊ पडतो आणि माल्टची चव पुढे येते. अशी बिअर मिळाली की मी दोन बाटल्या घेतो, एक लगेच उघडतो आणि दुसरी थंड, अंधाऱ्या जागी उभी ठेवतो.

प्रमाणाबद्दल मात्र मी कडक आहे. ३३० मिलीच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत साडेसोळा मिली शुद्ध अल्कोहोल असते, आणि तेवढ्याच आकाराच्या ११.३ टक्क्यांच्या बाटलीत ते ३७ मिलीच्या पुढे जाते. बाटली दिसायला तीच असली, तरी शरीराला ती दोन बाटल्यांहून अधिक पडते. अशी एक बाटली आम्ही दोघांत वाटून, छोट्या पेल्यांतून, तासभर पितो, आणि त्या संध्याकाळी गाडीची चावी हातात घेत नाही.

दुकानदारांकडे माझी मागणी छोटी आहे. या बाटल्या शोकेसमधून काढून सावलीत ठेवा आणि बाटली भरल्याची तारीख ग्राहकाला सहज दिसेल अशी त्या फिरवून ठेवा. हॉप्सच्या बिअरना वेगळा कप्पा देऊन त्यातला जुना माल वेळेवर काढून टाका. इतके करणारे एक दुकान मला सापडले आहे, आणि टक्केवारी न विचारता मी आता तिथूनच घेतो.