आधी यादी, मग अधिस्वीकृती: काणकोणच्या वाचकाला उत्तर

नमस्कार बाब,

गोव्यातल्या नव्या पत्रकार संघटनेने पहिल्या वर्षी सभासदांची यादी पक्की करावी आणि अडचणीतल्या वार्ताहरासाठी मदत उभी करावी, असे मी लिहिले होते. 'ही कारकुनी झाली, आधी अधिस्वीकृती (पत्रकार म्हणून सरकारी मान्यता), पत्रकार भवन आणि पगाराचे बोला,' असे तुमचे म्हणणे.

पगाराबद्दलचा तुमचा संताप रास्त आहे. वृत्तपत्र कर्मचाऱ्यांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित झाल्या, ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. पण हक्क मागायला गेले की व्यवस्थापन आधी विचारते, 'हा आमचा कर्मचारी कुठे?' सत्तरी, धारबांदोडा, काणकोणचा वार्ताहर बातमीमागे मानधन घेतो, नेमणूकपत्र नसते. तोच यादीबाहेर राहिला तर पगाराचा लढा पणजी-मडगावच्या कार्यालयांपुरता उरेल.

यादी करताना घोटाळा होतो तो पुराव्यावरून. नावानिशी छापलेल्या बातम्याच मागितल्या तर उपसंपादक बाहेर पडतात, कारण त्यांचे नाव कधीच छापून येत नाही. म्हणून सहा महिन्यांची कात्रणे, मानधनाची बँकेतली नोंद किंवा दोन सभासदांची लेखी साक्ष, यांतले काहीही चालावे. जाहिराती गोळा करतो म्हणून वार्ताहराला नाकारू नये. ते काम बहुधा त्याच्या गळ्यात मारलेले असते. मालकाला मात्र मताचा हक्क नको. एकट्याने साप्ताहिक किंवा यूट्यूब वाहिनी चालवणारा मालकही असतो आणि वार्ताहरही; त्याला मताचा हक्क द्यावा, पण संघटनेच्या वेतन समितीत घेऊ नये. निवडणुकीच्या ९० दिवस आधी नोंदणी बंद करावी आणि वर्गणी ज्याची त्याच्याच खात्यातून घ्यावी. नाहीतर शेवटच्या आठवड्यात एकाच माणसाने पैसे भरलेले अर्जांचे गठ्ठे येतात.

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला सात सह्या पुरतात, ते सोपे. पण दरवर्षी नव्या समितीची यादी निबंधकांकडे गेली नाही, तर दोन गट उभे राहताच बँक खाते अडवते.

मदतीचे म्हणाल तर उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक वकील आधीच ठरलेला हवा. पोलिसांची नोटीस आली की पहिल्यांदा कलम वाचावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) खाली संशयिताला बोलावतात, १७९ खाली साक्षीदाराला. मोबाईल जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागावी.

अधिस्वीकृती आणि भवन, दोन्ही सरकारच्या हातात. पहिल्याच वर्षी तिथे अर्जदार म्हणून उभे राहिलो, तर महिन्याभरात त्याच सरकारविरुद्ध निषेधाचे पत्रक काढताना समितीचे हात थरथरतील. पगारासाठी मात्र आजच सुरुवात करता येते. प्रत्येक तालुक्यातून तीन महिन्यांचा निनावी तक्ता घ्यायचा: किती बातम्या पाठवल्या, किती छापल्या, दर काय ठरला, पैसे कोणत्या तारखेला मिळाले. बाब, काणकोणचा तक्ता तुम्ही गोळा कराल का?